दहा बोटांची मराठी

– एक विद्यार्थिनी, बी. ए. तृतीय वर्ष (मराठी)

पूर्वी ज्याला सही करता येत नसे, त्याला आपल्याकडे ‘अंगठेबहाद्दर’ म्हणत. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायचा आणि कागदावर उमटवायचा, एवढाच त्याचा लेखनाशी संबंध. काळाची गंमत अशी की, आज पदवीच्या वर्गात बसणारे आपण सारे पुन्हा अंगठ्यानेच लिहू लागलो आहोत. मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर दोन अंगठे नाचवीत आपण निरोप लिहितो, अर्ज भरतो आणि वेळ आली की प्रकल्पसुद्धा त्यावरच लिहावयास बसतो. निरोप दोन ओळींचा असतो, तो निभावून जातो. प्रकल्प मात्र वीस पानांचा असतो. तेथे अंगठा दुखू लागतो, वाक्य आखडू लागते, आणि सांगावयाचे असते त्याच्या अर्ध्यावरच माणूस थांबतो.

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी घरोघर मोबाईल पोहोचला आहे, संगणक मात्र फार थोड्यांच्या घरी आहे. त्यामुळे कागदावर हाताने लिहावे, ते टंकलेखनाच्या दुकानात न्यावे, पानामागे पैसे मोजावेत आणि हाती आलेल्या प्रतीतील चुका मोजीत घरी यावे, ही आपली नेहमीची वाट. या वाटेला एक सोपी आणि स्वस्त पाऊलवाट आहे. तिच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. ती म्हणजे मोबाईलला जोडता येणारा बिनतारी कळफलक, ज्याला आपण सारे बोलताना ‘ब्लूटूथ कीबोर्ड’ म्हणतो. हे साधन काय आहे, ते कसे चालते, आणि विशेष म्हणजे त्याच्यावर मराठी कशी लिहावी, हे क्रमाने पाहू. कला शाखेच्या वाचकांनी ‘हा विज्ञानाचा विषय’ म्हणून पान उलटू नये. या कळफलकाच्या पोटात आपल्या व्याकरणाचा एक सुंदर धडा दडलेला आहे.

तारेवाचून निरोप

‘ब्लूटूथ’ या शब्दाचा अर्थ ‘निळा दात’! दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. ‘निळ्या दाताचा’ हे त्याचे टोपणनाव. त्याने विखुरलेल्या टोळ्यांना एका छत्राखाली आणले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास जवळच्या यंत्रांना तारेवाचून जोडण्याच्या तंत्रावर काम सुरू झाले. १९९८ साली अनेक कंपन्यांनी मिळून त्याला एक सामाईक रूप दिले, तेव्हा यंत्रांना एकत्र आणणाऱ्या या तंत्राला त्या राजाचेच नाव मिळाले. ब्लूटूथची जी खूण आपण मोबाईलवर पाहतो, ती त्या राजाच्या नावातील दोन प्राचीन अक्षरे एकमेकांत गुंफून केलेली आहे.

हे तंत्र रेडिओच्या लहरींवर चालते. आकाशवाणीचे केंद्र शेकडो किलोमीटर आवाज पोहोचवते. ब्लूटूथची धाव साधारणपणे दहा मीटर, म्हणजे एका खोलीपुरती. त्यामुळे त्याला वीजही अगदी थोडी लागते. ज्या लहरींवर ते बोलते, त्याच पट्ट्यात वायफाय व इतर अनेक साधनेही बोलत असतात. या गलबल्यात एकाचा निरोप दुसऱ्याच्या निरोपात कसा मिसळत नाही? राक्षसभुवनला शनी अमावस्येच्या गर्दीत दोन मैत्रिणींनी आधीच ठरवून ठेवावे की, ‘पहिल्यांदा पायऱ्यांपाशी भेटू, मग झाडाखाली, मग नदीकाठी’, तशातला हा प्रकार आहे. मोबाईल आणि कळफलक आपली लहर सेकंदाला शेकडो वेळा बदलतात, आणि पुढची लहर कोणती हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक असते. एका जागी गोंगाट असला, तरी पुढच्या जागी निरोप पोहोचतो. या उड्या मारण्याच्या कल्पनेचे एक जुने पेटंट १९४२ साली हेडी लामार या चित्रपट अभिनेत्रीने आणि जॉर्ज अँथील या संगीतकाराने मिळून घेतले होते. कला शाखेच्या माणसांनी तंत्रज्ञानात हात घालू नये, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कळफलक अक्षर पाठवीत नाही

आता मुख्य मुद्दा. बाजारातला कळफलक हाती घेतला की पहिला प्रश्न मनात येतो तो हा की, ‘यावर तर सगळी इंग्रजी अक्षरे आहेत, मग मराठी कशी उमटणार?’ हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. याचे उत्तर नीट समजले की अर्धे काम झाले.

कळफलक मोबाईलला अक्षर पाठवीतच नाही. तो फक्त कळीचा क्रमांक पाठवतो. ज्या कळीवर इंग्रजी ‘के’ छापलेले असते, तिचा क्रमांक आहे १४. ती दाबली की ‘चौदा क्रमांकाची कळ दाबली गेली’ एवढेच कळफलक सांगतो. सोबत शिफ्टची कळ दाबलेली होती की नव्हती हेही सांगतो. त्या चौदाचा अर्थ काय लावायचा, हे मोबाईल ठरवतो. मोबाईलमध्ये इंग्रजी मांडणी निवडलेली असेल तर ‘के’ उमटतो; मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडलेली असेल तर त्याच कळीतून ‘क’ उमटतो. कळीवर जे छापलेले आहे ते केवळ डोळ्यांसाठी आहे, यंत्राला त्याचे काही सोयरसुतक नाही.

पुढची पायरी अशी. ‘क’ ठरला की मोबाईल तो चित्राच्या रूपाने साठवीत नाही, पुन्हा एका क्रमांकाच्या रूपानेच साठवतो. युनिकोड नावाची एक जागतिक व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात जगातील बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना कायमचे क्रमांक दिलेले आहेत. ‘क’ चा क्रमांक २३२५, ‘ळ’ चा २३५५. हा क्रमांक गेवराईत, पुण्यात आणि अमेरिकेतही तोच. शेवटची पायरी म्हणजे फॉन्ट. तो क्रमांक पाहून त्या अक्षराचा आकार पडद्यावर काढतो, आणि ‘क’, हलन्त व ‘ष’ एकापाठोपाठ आले तर त्यांचा ‘क्ष’ जुळवून दाखवतो.

कळीचा क्रमांक, मांडणी, युनिकोडचा क्रमांक आणि फॉन्ट अशी ही चार पायऱ्यांची उतरंड आहे. बिघाड झालाच तर तो कोठे झाला, हे या उतरंडीवरून ओळखता येते. इंग्रजी उमटते आहे, याचा अर्थ मांडणी निवडायची राहिली. अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसतो, याचा अर्थ फॉन्टमध्ये ते अक्षर नाही.

अनेक दुकानांतून अजूनही युनिकोडपूर्व काळातील फॉन्ट वापरले जातात. त्यांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेला असतो. त्या दुकानातील संगणकावर मजकूर मराठी दिसतो, पण ती फाईल आपल्या मोबाईलवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन सडा पडलेला दिसतो. आपण स्वतः मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र सरांच्या मोबाईलवर, महाविद्यालयाच्या संगणकावर, सगळीकडे जसाच्या तसा उघडतो.

वर्णमालेवर उभारलेली मांडणी

मोबाईलवर मराठी लिहिणारे बहुतेक जण रोमन अक्षरांचा आधार घेतात. इंग्रजीत लिहिले की यंत्र त्याचे मराठी करून देते. दोन ओळींसाठी ही सोय बरी आहे, पण तिच्यात एक खोट आहे. रोमन लिपीत ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच अक्षर, ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच, ‘त’ आणि ‘ट’ यांनाही एकच. ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ यांतील आपल्या मनात कोणता शब्द आहे हे यंत्र अंदाजाने ठरवते, आणि आपण घाईत त्याचा अंदाज मान्य करतो. म्हणजे शब्द आपण निवडण्याऐवजी तो आपल्याला निवडून दिला जातो. शिवाय पडद्यावरील कळफलकात चालणारी ही रोमन सोय बाहेरचा कळफलक जोडल्यावर प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही. म्हणून बिनतारी कळफलकावर मराठी लिहावयाची असेल, तर इन्स्क्रिप्ट शिकणे हाच राजमार्ग, असे माझे स्पष्ट मत आहे.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तयार केली आणि १९९१ साली तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. ती शिकायला कठीण आहे, असा एक समज आहे. ज्याने भाषाविज्ञानाचे तास मन लावून ऐकले आहेत, त्याला ती कठीण वाटण्याचे कारण नाही. तिची रचनाच मुळी आपल्या वर्णमालेच्या शास्त्रावर उभी आहे.

पहिली गोष्ट : डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. आपली अक्षरे सामान्यतः व्यंजन व स्वर अशा जोडीने बनतात, त्यामुळे लिहिताना उजवा व डावा हात आळीपाळीने चालतात आणि हातांना एक लय सापडते.

दुसरी गोष्ट : व्यंजनांची जागा. क, च, ट, त, प ही पाचही वर्गांची पहिली अक्षरे उजव्या हाताच्या मधल्या ओळीत आहेत. हे अघोष वर्ण. त्यांचे घोष सोबती ग, ज, ड, द, ब बरोबर वरच्या ओळीत, आपापल्या भावंडाच्या डोक्यावर आहेत. ‘के’च्या कळीवर क, तर तिच्या वर ‘आय’वर ग. ‘एल’वर त, तर वर ‘ओ’वर द. ‘एच’वर प, तर वर ‘वाय’वर ब. आता महाप्राण कोठे? त्यांना वेगळी कळच नाही. शिफ्ट दाबून क लिहिला की ख, ग लिहिला की घ, त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ. अल्पप्राणाला श्वासाचा जोर दिला की महाप्राण होतो, हे आपण परीक्षेत लिहितो. येथे तो जोर म्हणजे शिफ्टची कळ.

तिसरी गोष्ट : स्वर. ऱ्हस्व वेलांटी मधल्या ओळीत आणि दीर्घ वेलांटी तिच्या बरोबर वर. ऱ्हस्व उकार मधल्या ओळीत, दीर्घ उकार वर. एक मात्रा मधल्या ओळीत, दोन मात्रा वर. काना-मात्रा मधल्या ओळीत, काना-दोन मात्रा वर. स्वरचिन्हाऐवजी पूर्ण स्वर हवा असेल तर पुन्हा शिफ्ट : वेलांटीची ‘इ’, उकाराचा ‘उ’, कान्याचा ‘आ’. जोडाक्षरासाठी हलन्ताची कळ ‘डी’वर आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘अ’ मिळतो. हलन्त म्हणजे ‘अ’ काढून घेणे. म्हणून ‘अ’ त्याच कळीत ठेवला आहे. ज्यांनी ही मांडणी केली त्यांना व्याकरणाची किती जाण होती, हे यावरून दिसते.

आपल्या गावाचेच नाव लिहून पाहा. गेवराई : ‘आय’ने ग, ‘एस’ने मात्रा, ‘बी’ने व, ‘जे’ने र, ‘ई’ने काना आणि शेवटी शिफ्ट व ‘आर’ने ई. सहा अक्षरांच्या कळा आणि एक शिफ्ट. आणखी एक सोय सांगते. हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागू आहे. ‘के’च्या कळीवर गुजरातीतही ‘क’, बंगालीतही ‘क’, तेलुगू आणि कन्नडमध्येही ‘क’च. एकदा बोटांना सवय झाली की लिपी तेवढी बदलायची, बोटांच्या जागा त्याच राहतात.

येथे जुन्या टंकयंत्राशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबवले. मधल्या अर्धशतकात महाराष्ट्रातील कचेऱ्यांची मराठी टंकयंत्रावरच उमटली. टंकयंत्र आकार छापत असे. अर्धे अक्षर वेगळे, त्याचा दंड वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती अक्षराच्या आधी मारायची. इन्स्क्रिप्टमध्ये आपण उच्चाराच्या क्रमाने लिहितो. ‘किती’ मध्ये आधी क, मग वेलांटी. कारण तोंडातून तसेच निघते. म्हणजे टंकयंत्रावर लिहिणारा डोळ्याने लिहीत असे, आपण कानाने लिहितो.

शेतकऱ्यांचा ‘ऱ्य’

आता थोडे आपल्या जिव्हाळ्याचे. कापूस आणि ऊस पिकवणाऱ्या या तालुक्यात प्रकल्पाचा विषय कोणताही असो, त्यात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द यायचाच. दुकानातून छापून आणलेल्या प्रती चाळून पाहा. त्यांत हा शब्द हमखास ‘शेतक-यांच्या’ असा, मध्ये आडवी रेघ देऊन छापलेला सापडतो. ‘दुसऱ्या’ चे ‘दुस-या’, ‘कचेऱ्या’ चे ‘कचे-या’. आपल्या वर्गातील अनेकांना आता हेच शुद्ध रूप वाटू लागले आहे. ज्याच्या कष्टावर आपण शिकतो, त्याचे नाव आपल्याच प्रकल्पात मधोमध तुटलेले असावे, ही गोष्ट मला खुपते.

ही रेघ कोठून आली? ऱ्य मधला हा ‘र’ मराठीचा खास आहे. ‘सूर्य’ मधला रफार डोक्यावर बसतो, हा मात्र डाव्या बाजूला कोयत्यासारखा लागतो. दोन्हींचा उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतील! हिंदीला ह्या रूपाची गरज नाही. म्हणून हिंदीसाठी केलेल्या साधनांवर ते सहज सापडत नाही, आणि लिहिणारा जवळचे आडवे चिन्ह घालून वेळ मारून नेतो.

इन्स्क्रिप्टमध्ये याची सोय आहे. ‘जे’च्या कळीवर र आहे, शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की नुक्ता असलेला ‘ऱ’ मिळतो. त्याच्यापुढे हलन्त आणि मग य. झाला ‘ऱ्य’. तीन कळा आणि एक शिफ्ट, एवढ्याच कष्टात शेतकरी अखंड राहतो. ‘ॲप’ मधल्या ‘ॲ’ ची कथाही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला, तोवर लोक ‘अ’ वर चंद्र चढवण्याच्या नाना युक्त्या करीत. भाषेला तंत्रात तिची जागा आपोआप मिळत नाही. कोणीतरी मागावी लागते, आणि मिळाल्यावर ती वापरावी लागते.

खरेदी आणि जोडणी

बाजारात दोन प्रकारचे बिनतारी कळफलक मिळतात. एकासोबत नखाएवढा रिसीव्हर येतो, तो यूएसबीच्या भोकात बसवावा लागतो. तो मुख्यतः संगणकासाठी असतो आणि मोबाईलला लावायचा तर ओटीजीचा वेगळा जोड लागतो. दुसरा खरा ब्लूटूथचा. खोक्यावर नुसते ‘वायरलेस’ पाहून पैसे देऊ नयेत, ‘ब्लूटूथ’ हा शब्द किंवा त्याची खूण पाहूनच घ्यावा. साधा कळफलक हजार रुपयांच्या आगेमागे मिळतो. दोघी-तिघींनी वर्गणी काढून घेतला तरी चालतो, कारण काही कळफलक तीन मोबाईल लक्षात ठेवतात आणि एका कळीने एकावरून दुसऱ्यावर जातात.

जोडणी अशी करावी. कळफलक चालू करून त्याची ब्लूटूथची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावी. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडून नवीन उपकरण शोधावे व यादीत दिसलेल्या कळफलकाच्या नावावर टेकवावे. पडद्यावर अनेकदा सहा आकडे दिसतात. ते कळफलकावर टंकून एन्टर मारावे. ही नुसती औपचारिकता नव्हे. आपले पासवर्ड याच कळफलकावरून जाणार असतात, म्हणून समोरचा कळफलक खरोखर आपल्याच हातातला आहे याची मोबाईल खात्री करून घेतो. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी जोडणी आपोआप होते.

मग सेटिंगमध्ये भाषा आणि इनपुट या भागात ‘फिजिकल कीबोर्ड’ असे सदर दिसते. तेथे मांडणी निवडता येते. यादीत मराठी नसेल आणि हिंदीची इन्स्क्रिप्ट असेल तर तीही चालते. तीही नसेल तर बाहेरच्या कळफलकाला इन्स्क्रिप्ट देणारे कीबोर्ड-ॲप घ्यावे लागते. तेथे एक सावधगिरी पाळावी. कीबोर्ड-ॲपच्या हातून आपण टंकलेले प्रत्येक अक्षर जाते, पासवर्डसुद्धा. मोबाईल स्वतःच तशी सूचना देतो. म्हणून ज्याचा कर्ता माहीत नाही असे ॲप फुकट मिळते म्हणून घेऊ नये. इंग्रजी व मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी बहुधा कंट्रोल व स्पेस, किंवा विंडोजच्या खुणेची कळ व स्पेस एकदम दाबावी लागते.

ॲपमध्ये काम करताना

गूगल डॉक्स किंवा वर्ड यांसारख्या लेखनाच्या ॲपमध्ये कळफलकाचा खरा फायदा दिसतो. पडद्यावरील कळफलक अर्धी जागा अडवून बसतो. तो नाहीसा झाला की लिहिलेला मजकूर दुपटीने दिसतो, आणि मागचे वाक्य डोळ्यांसमोर राहिले की पुढचे वाक्य त्याला धरून येते. कंट्रोलसोबत सी, एक्स आणि व्ही या कळांनी नक्कल, कापणे व चिकटवणे होते. झेडने केलेले परत फिरवता येते. शिफ्ट धरून बाणाच्या कळा दाबल्या की मजकूर निवडला जातो. अंगठ्याने दोन अक्षरांच्या मध्ये नेमके टेकवण्याची जी कसरत करावी लागते, तिची गरजच उरत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये मात्र एक ध्यानात ठेवावे. तेथे ‘एन्टर म्हणजे पाठवा’ अशी एक सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू असेल तर नवा परिच्छेद करण्यासाठी दाबलेल्या एन्टरने सरांना अर्धाच अर्ज जातो. ती बंद करून मगच लांब मजकूर लिहावा.

मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून डोळ्यांच्या उंचीजवळ ठेवावा आणि अक्षरांचा आकार वाढवून घ्यावा, म्हणजे मान वाकत नाही. सरावासाठी रोज वीस मिनिटे पुरेत. मांडणीचा तक्ता कागदावर काढून समोर लावावा, किंवा कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवावेत. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तेथे टेकल्या की बाकीची बोटे न पाहता आपापल्या जागी बसतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्या दोन कळा म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि र.

हे उंचवटे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फार मोलाचे आहेत. अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती पडद्यावरील मजकूर बोलून दाखवते. गुळगुळीत काचेवर अक्षर शोधणे हे अंध विद्यार्थ्याला अवघड. हाताला लागणारी कळ आणि कानावर पडणारे अक्षर यांच्या साहाय्याने तो स्वतःचा मजकूर स्वतः लिहू शकतो. परावलंबन कमी करणारे साधन किमतीने लहान असले तरी योग्यतेने मोठे असते.

नोकरीच्या दृष्टीनेही याचा विचार करावा. राज्यसेवेतील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखनाची प्रमाणपत्र परीक्षा आता संगणकावर होते. कळफलकावर बोटांना लागलेले वळण तेथे उपयोगी पडते. मात्र परीक्षेसाठी कोणती मांडणी घ्यावयाची हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे, कारण टंकयंत्राच्या काळापासून चालत आलेली रेमिंग्टन मांडणी आणि इन्स्क्रिप्ट यांतील कळांच्या जागा निराळ्या आहेत. दोन्ही एकदम शिकू गेल्यास बोटे गोंधळतात.

कळफलक घेतला म्हणजे कोणी लेखक होत नाही, हे उघड आहे. पेन चांगले असले म्हणून निबंध चांगला होत नाही. पण ज्याच्याजवळ पेनच नाही, त्याला निबंध लिहा असे म्हणण्यातही अर्थ नसतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण महाविद्यालयात पेढे वाटून केला. त्या भाषेत आज तरुण पिढी रोज लिहिते खरी, पण दोन-दोन ओळींचे लिहिते, आणि तेही यंत्राने सुचवलेल्या शब्दांत. ज्या भाषेत लांब वाक्य, पूर्ण परिच्छेद आणि वीस पानांचा विचार लिहिला जात नाही, तिचा दर्जा कागदावर राहतो.

तेव्हा माझी महाविद्यालयाला एक सूचना आहे आणि सोबत्यांना एक विनंती. ग्रंथालयात चार-पाच बिनतारी कळफलक ठेवावेत आणि पुस्तकांसारखे ते आठवडाभरासाठी घरी न्यावयास द्यावेत. मराठी विभागाने वर्णविचार शिकवताना इन्स्क्रिप्टचा तक्ता फळ्याशेजारी टांगावा. घोष, अघोष आणि महाप्राण हे शब्द मग पाठ करावे लागणार नाहीत, बोटांतच उतरतील. आणि सोबत्यांनो, पुढच्या अंकासाठी लेख देताना तो स्वतःच्या हाताने, दहाही बोटांनी लिहून द्या. त्यात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द आला, तर तो मधोमध तुटू देऊ नका.